बावीस ड्रम

१ फेब्रुवारी, शनिवार

खताच्या दुकानदारानं घरधन्याला डायरी दिली होती. मसाजी मेंढरामागं फिरणारा माणूस, तो डायरीचं काय करणार. फळीवर पडून होती. राधिका म्हणली, "आत्याबाई, तुमी लिहा. कुणाची हळद, किती ड्रम, कोणत्या दिवशी काय झालं. मागून वाद नको." राधिका माझी सून, बारावी झालेली. मी चौथी. चौथीच्या परीक्षेलाही गेले न्हाई, शेळ्या व्याल्या होत्या. पण लिहायला येतं मला.

तर लिहिते. आमच्या बचत गटाचा हळद शिजवायचा कुकर परवा आला. मधात पाण्याची टाकी, खाली भट्टी, बाजूनं चार ड्रम. ड्रममधी ओली हळद भरायची, वाफ सोडायची, शिजली की खाली वतायची अन् वाळू घालायची. आजवर हे काम गडी करायचे. वसमतकडून टोळ्या यायच्या, आमी बाया नुसत्या वेचायला. आता कुकर आमचा. मुख्य मी. संगं राधिका, निर्मलाबाई अन् गटातल्या आणिक चौघी.

पारावर ग्यानोबा म्हणला, "बनाबाई, हळद शिजवून राहिले का भाजीत टाकून राहिले?" मी म्हणलं, "तुझ्या घरी भाजी शिजली का ते जाऊन पाह्य आधी."

एक गोष्ट आजच लिहून ठेवते. मी रोजगार हमीवर तळ्याच्या कामाला होते तवा बाया पाटी अर्धीच भरायच्या. मुकादम पाट्या मोजायचा, माती थोडीच मोजायचा. बाया हसायच्या मला. मी पाटी शिगोशीग भरून न्यायची. मान अजून दुखती, पण अर्धी पाटी टाकली न्हाई कधी. माझ्या टोळीत पाट्या टाकायचं काम चालणार न्हाई, हे सगळ्यांना सांगून टाकलं. निर्मलाबाईकडं पाहून सांगितलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली हळद आमच्याच शेताची घेतली. बिघडली तर आपली बिघडंल. न्हाई बिघडली. वाफ सुटली अन् आमच्या शेतातल्या सगळ्या आखाड्यावर असा वास, की मसाजी मेंढरं सोडून पाह्यला आला. कुकरला हात लावून पाह्यला, भाजला, गेला.

निर्मलाबाईचं काही खरं न्हाई. गड्डे येगळे, कांड्या येगळ्या करत बसती. म्हणती, "गड्डा जाड असतो, त्याला वाफ जास्त लागती. कांडी बारीक. दोन्ही एका ड्रममधी घातले तर एक कच्चं राहतं न्हाई तर दुसरं गळून जातं." ते मलाही माहीत हाय. पण किती येळ बसायचं माणसानं? मधीच पान लावती. मधीच गाणं म्हणती. ड्रम उघडला की काडी घेऊन एकेक गड्डा टोचून पाहती, जसा काही लेकराचा कान टोचायचाय.

चौदा ड्रम झाले दिवसात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गावातल्या संतरामची हळद झाली. चौदा ड्रम. त्याच्या बायकोनं बोट चाखून पाह्यलं अन् म्हणली चांगली शिजली. हळद कुणी चाखत असतं का. पण बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पायावर वाफेचं पाणी सांडलं. काम बंद ठेवलं न्हाई.

२० फेब्रुवारी, गुरुवार

व्यंकटराव आले. हट्ट्याच्या रस्त्याला त्यांचा मोठा मळा, आमच्या शिवारात एवढी हळद दुसऱ्या कुणाची न्हाई. आजवर वसमतची टोळी लावायचे. खुर्चीवर बसले, आमच्या कुकरकडं असं पाह्यलं जसं काही जत्रेतलं खेळणं.

म्हणले, "वसमतची गडीमाणसं दिवसाला इस ड्रम काढतेत. तुमी किती?"

निर्मलाबाई मागून म्हणली, "चौदा. निवडून, टोचून."

व्यंकटराव हसले. "चौदा म्हणजे माझी हळद पाडव्यापर्यंत शिजायची व्हय?"

मी म्हणलं, "इसाच्या वर काढून दाखवते."

राधिकानं माझा पदर ओढला. मी पदर सोडवून घेतला. व्यंकटरावची हळद आमच्या हातून शिजली की अर्धा तालुका आमाला बोलावंल. हे काम हातचं जाऊ द्यायला मी वेडी न्हाई.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बावीस ड्रम.

परत लिहिते. बावीस. वसमतच्या टोळीचे इस, माझ्या टोळीचे बावीस. दिवस मावळायच्या आत.

सकाळी दहापर्यंत नुसते दोन ड्रम झाले होते. काहून? निर्मलाबाई निवडत बसलेली. गड्डे इकडं, कांड्या तिकडं. व्यंकटराव बांधावर उभे, घड्याळ पाहून राहिले. माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, उठा, निवडायचं बंद, ढिगातलं आहे तसं भरा. निर्मलाबाई म्हणली, "बना, गड्डे कच्चे राहतेल." मी म्हणलं, "वाफ जरा जोरात सोड म्हणजे न्हाई राहत. लई शहाणपण नको." राधिका म्हणली, "आत्याबाई, निदान काडी तर टोचून पाहू." मी म्हणलं, वास आला की शिजली, माझ्या नाकाला कळतं. काडी हिसकून भट्टीत टाकली.

मग पाह्यलं असतं तुमी. ड्रम भरला, वास आला, वतला. भरला, वास आला, वतला. चौघीजणी पळत होत्या. अशी टोळी पाह्यजे. निर्मलाबाई तोंड पाडून वाळवणावर हळद पसरत होती. जमत न्हाई तिला जोराचं काम, त्याला मी काय करू.

व्यंकटराव जाताना म्हणले, "मानलं बनाबाई."

आजच्या हळदीची रास येगळी घातली हाय, वाळायला सारखी लागली पाह्यजे म्हणून.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

व्यंकटरावची सगळी हळद शिजून झाली. त्यांनी सगळ्यांसमोर नारळ दिला. ग्यानोबा तिथंच होता, त्याच्याकडं पाहून घेतला नारळ. बाकीच्या दिवशी सोळा-सतरा ड्रम निघाले, व्यंकटराव मग मागं लागले न्हाईत म्हणून निर्मलाबाईला निवडू दिलं. पण बावीस ते बावीस.

घरी मसाजीला सांगितलं. तो भाकर खात होता. म्हणला, "मेंढरं हाकलत नेली की चरत न्हाईत. नुसती चालतेत."

मी म्हणलं, हळदीचं सांगून राहिले, मेंढराचं न्हाई. त्याला मेंढराशिवाय दुसरं काही दिसतच न्हाई.

८ मार्च, शनिवार

दोन कामं झाली, दोन धरून ठेवलीत. पोरगं परमेश्वर वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवतं, ते म्हणलं फाट्यावर माणसं नाव घेऊन राहिले, बनाबाईचा कुकर म्हणून. गटाचं नाव घ्यावं खरं तर. पण घेतेत माझं, मी काय करू.

२० मार्च, गुरुवार

आज लिहायची इच्छा न्हाई. पण लिहिते.

व्यंकटरावची हळद वाळली. मळ्यात पॉलिशचं मशीन लावलं. तीन राशी चांगल्या निघाल्या, पिवळ्याधम्मक, खणखण वाजत होत्या. चौथ्या राशीला कांड्या चांगल्या अन् गड्डे मशीनमधी फुटायला लागले. एक फुटका उचलून पाह्यला. वरून पिवळा, आत पांढरा. पिठासारखा. दुसरा फोडला. तसाच. इस-पंचवीस फोडले मी दगडानं. कच्चे.

व्यंकटरावनं फुटका गड्डा हातातून खाली टाकला अन् मशीनकडं वळले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मशीनवाला मात्र म्हणला, "बायांचं काम."

मी आखाड्यावर आले अन् निर्मलाबाईला धरलं. म्हणलं, शिजलं का न्हाई हे टोचून पाह्यचं काम तुझं. गड्डे येगळे करायचं काम तुझं. दिवसभर पान लावत बसायचं अन् काम असं नुसतं उरकायचं. तुझ्यापायी सगळ्या टोळीचं नाव गेलं. उद्यापासून येऊ नको.

मला वाटलं निर्मलाबाई रडंल, भांडंल. पितळीत भाकर होती अर्धी, ती तिनं फडक्यात बांधली. पानाची चंची कमरेला खोचली. म्हणली, "बरं." अन् गेली.

राधिका म्हणली, "आत्याबाई, तुमी त्या दिवशी..." मी म्हणलं, तू मधात बोलू नको. तिची बाजू घ्यायची असंल तर तिच्यासंगं जा.

बराबर केलं मी. एकानं पाट्या टाकल्या की सगळ्यांची मान खाली जाती.

२१ मार्च, शुक्रवार

ज्यांनी कामं धरून ठेवली होती त्यातल्या एकानं निरोप पाठवला, वसमतची टोळी लावली म्हणून.

राधिकानं माझ्यापुढं ताट ठेवलं अन् निघून गेली. कालपासून बोलत न्हाई. वरणात मीठ न्हाई. तिला काय झालं कुणास ठाऊक. नाव माझं गेलं, तोंड तिनं फुगवलंय.

कुकरवर आज सहाजणीच. निवडायला कुणी बसंना. राधिका एकटी निवडत होती. नऊ ड्रम.

२३ मार्च, रविवार

दुपारी मी म्हणलं, व्यंकटरावला सांगाया जाते, कच्चं काम कुणी केलं, कोणत्या दिवशी केलं, आता ती बाई टोळीत न्हाई. राधिका भांडे घासत होती. वर न पाहता म्हणली, "कोणत्या दिवशी ते सांगा मग त्यांना. तुमच्या डायरीत असंल की. सगळं लिहिलंय तुमी."

बरोबर बोलली. चष्मा घेतला, ओसरीवर बसले.

आता मला वाचायला येळ लागतो. बोट ठेवून वाचते. चौथी रास म्हणजे येगळी घातलेली रास, ती कोणत्या दिवसाची ते शोधलं. सापडला.

वाचलं.

परत वाचलं. अक्षर माझंच हाय. "रास येगळी घातली हाय" हेही मीच लिहिलंय. "काडी हिसकून भट्टीत टाकली." हेही. कुणी दुसऱ्यानं लिहिलं असंल म्हणून पान उलटंसुलटं करून पाह्यलं. राधिकाचं अक्षर बारीक असतं. हे मोठं हाय, वेडंवाकडं. माझं.

त्या दिवशी मी ड्रम मोजले. हळद न्हाई मोजली. त्या मुकादमासारखं.

राधिकानं इचारलं, सापडलं का. मी म्हणलं, हं. ती परत भांडे घासायला लागली. डायरी पाह्यचं तिला कसं सुचलं काय माहीत. नशीबच म्हणायचं.

व्यंकटरावकडं गेले न्हाई.

२४ मार्च, सोमवार

मला माफी मागता येत न्हाई. कधी मागितली न्हाई, सवय न्हाई. आईची मागायची राहून गेली, आता ती न्हाई. तरी सकाळी निर्मलाबाईच्या घरी गेले. ती दारात बसून तूर पाखडत होती. एकेक खडा काढून. मला बस म्हणली न्हाई. मी बसले.

मी म्हणलं, "चल कामाला."

ती म्हणली, "काहून? तुझी वसमतची गडीमाणसं कुठं गेले?"

मी म्हणलं, "माझी कुठून असतेल."

"मग राधिका हाय की. ती निवडंल, तू वास घे."

ती पाखडत राहिली. सुपातून भुसा माझ्याच अंगावर येत होता, मला कळत होतं ती मुद्दाम करून राहिली. मी सरकले न्हाई.

मग मी डायरी काढली. तिला वाचता येत न्हाई म्हणून मीच वाचून दाखवलं. चोवीस फेब्रुवारी सगळं. "लई शहाणपण नको" इथं आले तवा बोट त्याच ओळीवर थांबलं. पण वाचलं. "जमत न्हाई तिला जोराचं काम" हेही वाचलं. वगळता आलं असतं. तिला काय कळलं असतं.

ती म्हणली, "एवढं सगळं लिहिलंस?"

"व्हय."

"माझ्या पानाचंही?"

"व्हय. गाण्याचंही."

ती हसायला लागली. अशी हसली की तूर सांडली. म्हणली, "बना, तुला चौथीच्या परीक्षेला बसवलं असतं तर मास्तर पळून गेला असता." मग सूप माझ्या हातात दिलं. "हे पाखड आधी. नीट. खडा राहिला तर परत पाखडायला लावीन."

पाखडलं. दोनदा पाखडायला लावलं तिनं.

२५ मार्च, मंगळवार

तिघी गेलो व्यंकटरावकडं. मी, निर्मलाबाई अन् राधिका. मी उभ्यानंच सांगून टाकलं. निवडायचं मी बंद केलं, काडी मी भट्टीत टाकली, तुमचे गड्डे माझ्यामुळं कच्चे राहिले. या बाया न्हाई म्हणत होत्या.

व्यंकटराव म्हणले, "बसा तर. एवढं काय त्यात. पोत्यात खाली-वर चांगला माल टाकू, मधात हे गड्डे. मार्केटात कोण पोतं उलटं करून पाह्यतंय?"

मला आधी कळलंच न्हाई. मग कळलं. मी चार दिवस झोपले न्हाई अन् यांच्या मनात पोतं कसं भरायचं हे आधीच ठरलेलं.

मी म्हणलं, "पाह्यचं असंल त्यानं पाहावं, न्हाई तर न पाहावं. त्या पोत्यातली हळद आमच्या कुकरची हाय. कुणाच्या तरी भाजीत जाणार ती. कच्चा गड्डा निघाला की ती बाई शिव्या देईल. कुणाला देईल?"

व्यंकटराव म्हणले, "तिला काय माहीत तू कोण?"

"मला माहीत हाय ना मी कोण."

राधिका एकदम पाहायला लागली माझ्याकडं. काहून पाहत होती कुणास ठाऊक.

मी सांगितलं, त्या राशीतले सगळे गड्डे आमी वेचून काढणार. तेवढेच गड्डे माझ्या घरच्या हळदीचे तुमच्या पोत्यात घालणार. आमची पहिली हळद, चांगली शिजलेली. व्यंकटराव म्हणले, "अन् हे कच्चे?" मी म्हणलं, "ते माझ्या आखाड्यावर ठेवते. भट्टीशेजारी. रोज दिसले पाह्यजेत."

खुर्ची पुढं सरकवली त्यांनी. पहिल्यांदा. मी बसले न्हाई, काम होतं.

मसाजीला सांगितलं घरचे गड्डे दिले म्हणून. त्याला वाईट वाटलं असंल. तो म्हणला, "पोते मी नेतो गाडीत." एवढंच. गाडीत पोते घालताना शीळ घालत होता. मेंढरं बोलवायची शीळ. इथं मेंढरं नव्हते.

२८ मार्च, शुक्रवार

तीन दिवस वेचणं. मान गेली माझी. निर्मलाबाई गाणं म्हणती. तिसऱ्या दिवशी मीही म्हणलं थोडं. राधिका हसली. वरणात आज मीठ बराबर होतं.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभी केली अन् लगेच आखाड्यावर गेलो. ज्यानं वसमतची टोळी लावली म्हणून निरोप धाडला होता, तोच काल संध्याकाळी हळद घेऊन आला. म्हणला, व्यंकटराव म्हणले, त्या बाईनं घरचे गड्डे बदलून दिले, तिच्याकडंच शिजव. आज सकाळी त्याच्यासंगं ग्यानोबाही आला. त्यानं इचारलं, "बनाबाई, आज किती ड्रम? पंचवीस?"

मी म्हणलं, "निर्मलाबाईला इचार."

निर्मलाबाई खाली बसली. गड्डे इकडं, कांड्या तिकडं. मी तिच्याशेजारी बसले. पहिल्यांदा बसले निवडायला. माझा हात जोरात चालत होता, दोनदा चुकून कांडी गड्ड्यात टाकली, तिनं काढून माझ्यापुढं ठेवली. बोलली न्हाई. पान लावलं. मलाही दिलं. मला पान आवडत न्हाई. खाल्लं.

ड्रमला वाफ सुटली. वास आला. माझ्या नाकाला कळलं की शिजली. मी उठले. निर्मलाबाई म्हणली, "बस."

बसले. ते बसणं किती तकलीफीचं असतं हे कुणाला सांगून कळणार न्हाई. भट्टीशेजारी कच्च्या गड्ड्याचे पोते होते, त्याच्याकडं पाहत बसले. मग राधिकानं ड्रम उघडला. नवी काडी तिनं माझ्या हातात दिली. मी सगळ्यात जाडा गड्डा घेतला, टोचला. आरपार गेली. दुसरा घेतला. आरपार. तिसरा, चौथा. ग्यानोबा पाहून पाहून कंटाळून निघून गेला. जाऊ दे.

आज तेरा ड्रम झाले. लिहून ठेवते. तेरा. तेराच्या तेरा शिजलेत, एकेक मी टोचून पाह्यलाय.